नोंद पाड्यावर, मूल भट्टीवर : एका वीटभट्टी हंगामाच्या कामाच्या नोंदी

जव्हार आणि विक्रमगड तालुक्यांतल्या काही पाड्यांवरची कातकरी आणि वारली कुटुंबं भातकापणी उरकली की भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर उतरतात. पावसाच्या तोंडावर परत जातात. सहा वर्षांखालची पोरं आणि गरोदर बाया सोबत असतात, पण त्यांची नावं पाड्यावरच्या अंगणवाडीत. मधल्या सहा महिन्यांतही आहार, लस, वजन आणि रेशन तुटू नये, एवढंच काम आम्ही चौघांनी हातात घेतलं होतं. ऊसतोडीच्या फडावर किंवा खडीच्या खाणींवर असं काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. कुटुंबांची, भट्ट्यांची आणि कार्यालयांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

६ ऑक्टोबर २०२४, जव्हार तालुका

यादीला सुरुवात. "यंदा कुठे जाणार?" असं विचारलं तर गावाचं नाव मिळत नाही. शेठचं नाव मिळतं, नाहीतर "अंबाडीच्या अलीकडं, पुलापाशी" असं काहीतरी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हाच उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळे कोणाकडे जायचं ते तेव्हाच ठरतं. भट्टी कुठल्या शेतात लागेल ते मात्र ठरलेलं नसतं, कारण जागा भाड्याची.

म्हणून वहीतून ‘स्थलांतराचं गाव’ हा रकाना काढून टाकला. त्याऐवजी तीन रकाने आखले: मुकादमाचा मोबाईल, शेठचं नाव आणि बाजार कुठे करता. घरच्या माणसाचा नंबर घेऊन फायदा नाही. रिचार्ज संपला की तो बंद, पुढच्या हंगामाला सिम दुसरंच. मुकादमाचा फोन मात्र चालू असतो.

१७ ऑक्टोबर

परवा, १५ तारखेला, विधानसभेची आचारसंहिता लागली. पाड्यावरच्या दोन्ही अंगणवाडी सेविकांना मतदार यादीचं काम आहे. कार्यालयात गेलं की "निवडणूक होऊ द्या" हे उत्तर. कुटुंबं निघायच्या आधी ज्या सह्या हव्या होत्या त्या आता महिनाभर मिळणार नाहीत.

तोवर सह्या न लागणारं काम हाती घेतलं: प्रत्येक घराची कागदांची पिशवी. झिप लागणारा जाड प्लास्टिकचा पाऊच आणि त्यात माता-बाल कार्ड, आईच्या आधारची प्रत, रेशनकार्डाची प्रत, मुलाचा जन्मदाखला असेल तर त्याची प्रत, बँक पासबुकाचं पहिलं पान. मूळ कागद घरीच, पत्र्याच्या पेटीत. अपवाद माता-बाल कार्डाचा. ते मूळच न्यायचं, कारण प्रत्येक डोस त्यावरच चढतो. पाऊच, झेरॉक्स आणि फोटो मिळून साधारण ३,५०० रुपये गेले. पेट्रोल सोडलं तर हंगामाच्या सुरुवातीचा हाच मोठा खर्च, आणि पुन्हा करायला लागला तरी आधी हाच करीन.

पिशव्या भरताना दिसलं की पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त पोरांचं आधार नाही. इथे एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करून ठेवावी: अंगणवाडीच्या आहारासाठी मुलाचं आधार सक्तीचं नाही, आईच्या आधारवर नाव लागतं. "पोराचं आधार आणा, मग बघू" असं कुणी म्हणालं तर आईला तिथून परत फिरू देऊ नका.

२४ नोव्हेंबर

२० तारखेला मतदान झालं आणि लगोलग टेम्पो लागले. भांडी, कोंबड्या, शेळी, गोधड्या आणि वर पोरं. मी विक्रमगडच्या रस्त्याला उभी राहून पिशव्या सोबत आहेत ना, ते विचारत होते. बहुतेकींनी पिशवी तांदळाच्या डब्यात ठेवली होती. उंदीर डब्यात शिरत नाही, पाऊसही लागत नाही. ही त्यांची युक्ती. पुढच्या वर्षी सगळ्यांना हीच सांगायची.

३० नोव्हेंबर, भिवंडी तालुका

पहिली फेरी. यादीतल्या घरांपैकी बरीचशी सापडली ती मुकादमाच्या फोनमुळे. जी सापडली नाहीत त्यांचा शोध बाजारात घ्यायचा ठरवलं.

वेळेचा मेळ बसत नाही. विटा थापायला नवराबायकोची जोडी पहाटे अंधारातच गाऱ्यात उतरते आणि उन्हं चढेपर्यंत मान वर करत नाही. त्याच वेळात अंगणवाडी भरते. बायका मोकळ्या होतात तेव्हा अंगणवाडीला कुलूप. शिवाय अंगणवाडी गावात आणि भट्टी रस्त्यापलीकडे. त्या रस्त्यावर डंपर आणि ट्रक अखंड धावत असतात. तीन-चार वर्षांचं पोर एकटं धाडायचा प्रश्नच नाही, आणि आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर द्यायचं म्हटलं तर तिची शाळा बुडते.

८ डिसेंबर

शिबिराचा बेत फसला. आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर, आशाताई आणि गावची सेविका, सगळ्यांना एकाच दिवशी भट्टीवर आणायचं ठरवलं होतं. सगळे आले, मांडव घातला, वजनकाटा टांगला. आणि भट्टीवर म्हाताऱ्यांशिवाय कोणी नाही. शेठने खर्ची एक दिवस आधी वाटली होती. आठवड्याचे पैसे हातात आले की घरदार बाजाराला जातं. मीठ, तेल, सुकट, डाळ त्याच दिवशी भरायची असते. सिस्टर दुपारपर्यंत थांबल्या आणि गेल्या. त्यांना पुन्हा बोलावायला तीन आठवडे गेले.

आता खर्ची कधी वाटणार हे आदल्या संध्याकाळी मुकादमाला फोन करून विचारायचं. आणि सगळ्यांना एकदम आणायचं नाही. सिस्टरना वेगळं, सेविकेला वेगळं. एका माणसाला चार बाया भेटल्या तरी काम पुढे सरकतं.

सिस्टरकडून एक उपयोगाची गोष्ट कळली. लसीकरणाच्या आखणीत वीटभट्ट्या जोखमीच्या जागा म्हणून धरलेल्या असतात. आपली भट्टी त्या यादीत आहे का, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं. नसेल तर जागा आणि पोरांची संख्या लिहून द्यावी. आमच्या दोन भट्ट्या यादीत नव्हत्या कारण त्या यंदाच नव्या जागी लागल्या. लिहून दिल्यावर पुढच्या सत्रात आल्या.

१९ डिसेंबर

हंगामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आज झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाईल अ‍ॅपवर, नाव पाड्यावरच्या अंगणवाडीत आहे. भिवंडीकडची सेविका ते नव्याने टाकायला गेली तर अडकतं, कारण त्याच आधारवर नाव आधीच आहे. तिचं म्हणणं, "तिकडून सुटल्याशिवाय मी काय करू? आहाराची पाकिटं मला मोजून येतात." पाड्यावरच्या ताईंची भीती वेगळी: नाव सोडलं आणि पोर शिमग्याला परत आलं तर? पट कमी झाला तर विचारणा त्यांनाच. दोघींचंही बरोबर आहे आणि मधल्या मध्ये पोर उपाशी.

आधी आम्ही दोन्हीकडच्या सेविकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट केला होता. त्यात शुभ सकाळीचे फोटो आले, काम एकही झालं नाही. पर्यवेक्षिकांना पत्रं दिली, ती पोचली, पुढे सरकली नाहीत.

आज खोपीसमोर बसून पाड्यावरच्या ताईंना फोन लावला, भिवंडीच्या ताईंच्या हातात दिला. पहिली दोन मिनिटं दोघी एकमेकींना "मॅडम" म्हणत होत्या. मग पाड्यावरच्या ताईंनी विचारलं, "ती धाकटी आता भात खाते का? गावी असताना नुसतं पाणी मागायची." पोर समोरच बसलं होतं. भिवंडीच्या ताईंनी तिला उचललं, मांडीवर घेतलं आणि फोनवर सांगितलं, "खाते, पण हात बारीक आहेत." त्यानंतर नावं हलवायला अर्धा तास लागला. एकीने तिकडून सोडायचं, दुसरीने इकडे घ्यायचं, फोन चालूच. शिमग्याला जाताना परत असाच फोन करायचा, हेही त्यांचं त्यांनीच ठरवलं.

राज्यात स्थलांतरितांच्या नोंदीची प्रणाली आहे, तिचा उपयोगही होतो. पण ती चालवणाऱ्या दोन बाया एकमेकींना ओळखत नसतील तर नोंद इकडची तिकडे होत नाही. यापुढे आमच्यापैकी कोणीही भट्टीवर गेलं की पहिलं काम हा फोन.

भिवंडीच्या ताईंनी आणखी एक केलं. सहा महिने ते तीन वर्षांच्या पोरांची आणि गरोदर-स्तनदा बायांची पाकिटं त्या आता खर्चीच्या संध्याकाळी स्वतः भट्टीवर आणून देतात. हे त्यांच्या कामाच्या वेळेत बसत नाही. त्यांच्यावर कुणाचा जोर नव्हता, आमचा तर नव्हताच. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना गरम आहार अंगणवाडीतच मिळतो. त्यांना रस्ता ओलांडून न्यायला-आणायला भट्टीवरच्याच एका आजी तयार झाल्या. विटा थापणं त्यांना आता झेपत नाही. महिना ८०० रुपये देतो. आजी पोरांना एका दोरीला धरून रांगेत नेतात.

७ जानेवारी २०२५

दंडघेर मोजायला सुरुवात. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांचा डावा दंड. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या खाली पिवळा. भट्टीवर उंची मोजायची फळी नेणं जमत नाही, पण पट्टी खिशात मावते, म्हणून पहिली चाळणी तिच्यावर.

दीडएक वर्षाची पोरगी. आईने आधी हंड्यातलं पाणी घेऊन तिचा दंड धुतला. गारा वाळून कातडीला पापुद्रे धरले होते. मग पदराने पुसला आणि हात पुढे केला. पट्टी ११.२ वर थांबली. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन आकडे मोजले, खळगा पडला नाही, म्हणजे सूज नाही. भूक आहे, ताप नाही. म्हणजे लगेच दवाखान्यात भरती करण्यासारखं नाही. गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतच, दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खायला घालून चालेल. आजींच्या रांगेत ती जाऊ लागली, कडेवर.

२१ जानेवारी

तिला हगवण लागली. ११.४ पर्यंत आलेला दंड पुन्हा खाली. आता खात नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात नेलंच पाहिजे. तिथे साधारण १४ दिवस आईसकट राहायचं.

आईने नाही म्हटलं. तिच्या सासूने कारण सांगितलं, "ती तिथं बसली तर जोडी मोडते. विटा कोण थापील? उचल तशीच राहील, पुढल्या साली परत इथंच." दवाखान्यात आईला बुडीत मजुरी मिळते हे आम्ही सांगितलं. पण ती नंतर खात्यात येते आणि भट्टीवरचा हिशेब हजार विटांवर होतो. शिवाय मोठा मुलगा चार वर्षांचा, त्याचं काय?

पोरीला बरं वाटावं हे तिच्या आईला आमच्यापेक्षा हजारपट जास्त वाटत होतं. समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. सोडवायच्या होत्या त्या तीन अडचणी. मोठ्या मुलाला आजींनी ठेवून घेतलं. जोडीसाठी नवऱ्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या भट्टीवरून आला. उचलीचं बोलणं मुकादमाशी केलं आणि शेठसमोर त्याच्याकडून वदवून घेतलं की या दिवसांचा खाडा धरणार नाही. शेठ ऐकला. सगळे ऐकतील असं नाही. अशा वेळी लक्षात ठेवावं की उचल दिली म्हणून माणसाला अडवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा आहे. पण ते शब्द पहिल्या वाक्यात काढले तर कुटुंबाला रात्रीतून भट्टी सोडावी लागते.

२३ तारखेला भरती झाली. फेब्रुवारीत परत आली तेव्हा पट्टी पिवळ्यावर होती.

३० जानेवारी

एका खोपीत पहाटे बाळंतपण झालं. रुग्णवाहिका बोलावली होती, ती यायच्या आधीच. सुईण भट्टीवरचीच. आई आणि मुलगा ठीक. सिस्टर दुपारी येऊन बीसीजी आणि पोलिओचा डोस देऊन गेल्या.

जन्मनोंदीला ग्रामपंचायतीत गेलो तर "हे लोक इथले नाहीत, त्यांच्या गावी करा." त्यांच्या गावी गेलो असतो तर तिकडूनही हेच ऐकलं असतं, आणि ते बरोबर असतं. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, आईबाप कुठलेही असोत. २१ दिवसांपर्यंत फुकट. त्यानंतर शुल्क आणि परवानग्या, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. हे पक्कं माहीत असावं, कारण पाचवीला आणि बारशाला थांबून दिवस निघून जातात.

उपकेंद्राच्या नोंदवहीतली त्या बाळंतपणाची नोंद आणि सिस्टरचं पत्र जोडून पुन्हा अर्ज दिला. १४ फेब्रुवारीला दाखला हातात आला. पोस्टमनने पुढे त्याच दाखल्यावर बाल आधारही काढून दिलं. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत, आईचा किंवा बापाचा अंगठा पुरतो.

१८ फेब्रुवारी

अंगठाच पुरत नाही, ही आजची नोंद. रोज गारा मळून बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानाच्या मशीनवर बायांचे अंगठे उमटेनात. एकीची दहाही बोटं लावून पाहिली. दुकानदार चांगला माणूस, त्याने थांबून पाहिलं, पण मशीन नाही म्हणालं की त्याचाही इलाज चालत नाही.

काय उपयोगी पडलं: घरातल्या विटा न थापणाऱ्या माणसाला नेणं, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जाणं, आदल्या रात्री हाताला तेल लावून, आणि डोळ्याचा स्कॅनर असलेलं दुकान शोधणं.

रेशनकार्ड कुठल्याही दुकानात चालतं हे खरं, पण आमच्या बहुतेक घरांना त्याचा फायदा झाला नाही. म्हातारे आईबाप पाड्यावर असतात आणि त्याच कार्डावर ते धान्य उचलतात, उचलायलाच हवं. अंत्योदयाचे ३५ किलो कार्डामागे येतात. ते दोन चुलींत वाटले की कुणालाच पुरत नाहीत. कार्ड विभक्त करून घेणं हा खरा उपाय, आणि ते काम पावसाळ्यात, माणसं घरी असताना करायचं. हंगामात त्याच्यामागे लागून वेळ घालवू नये.

१५ मार्च

होळीला भट्ट्या रिकाम्या. मजुरी बुडाली तरी माणूस शिमग्याला घरी जातोच, आणि पाड्यावर सगळे एकत्र सापडतात. गोवराच्या लसी राहिलेल्या पोरांची यादी आम्ही आधीच पाड्यावरच्या आशाताईंना दिली होती. त्यांनी १२ तारखेलाच सत्र लावलं आणि जवळजवळ सगळी पोरं झाली. हंगामात एवढं सरळ काम दुसरं झालं नाही. नावं परत हलवायचा फोन सेविकांनी आपला आपण केला.

११ एप्रिल

पाड्यावरून परत आलेली पोरं अंडं मागतात. जव्हार अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने आदिवासी म्हणून जाहीर केलेल्या भागात, आहे, तिथे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत पोरांना अंडी किंवा केळी आणि गरोदर-स्तनदा बायांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. भिवंडी तालुक्यातली काहीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि आमच्या भट्ट्या त्यांत येत नाहीत. आदिवासी पोर सीमेच्या अलीकडे आलं की त्याचं अंडं थांबतं. सर्वांत जास्त राबतानाच आईचं जेवण थांबतं. हे मला अजिबात पटत नाही. योजना क्षेत्राला बांधली आहे, ती माणसासोबत चालायला हवी. तालुक्याला आणि प्रकल्प कार्यालयाला निवेदन दिलं. तूर्त आम्ही वर्गणीतून आठवड्याला दोन अंडी देतो, तेवढंच झेपतं.

मातृवंदनेच्या, म्हणजे बाळंतपणासाठी आईला मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, पैशांचा घोळही याच महिन्यात सुटला. पहिल्या खेपेच्या दोन आयांना हप्ता "जमा" दिसत होता, पासबुकात नव्हता. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं कधी कुणी उघडून दिलं हे त्यांना आठवतही नव्हतं. अर्ज भरण्याआधी आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे ते तपासून घ्या.

२८ मे

मे महिन्यात सारखा पाऊस. २६ तारखेला मान्सून मुंबईत पोचला, दरवर्षीपेक्षा दोन आठवडे आधी. थापलेल्या कच्च्या विटा विरघळून पुन्हा माती झाल्या. ज्या विटा भट्टीत गेल्या नाहीत त्यांचे पैसे धरायचे की नाही यावर भट्टी-भट्टीवर वाद. बरीच घरं हिशेब न होताच परत गेली, काहींच्या डोक्यावर उचल शिल्लक. निरोप घ्यायलाही कुणी भेटलं नाही.

कागदांच्या पिशव्या तांदळाच्या डब्यात होत्या, त्या कोरड्या राहिल्या.

१५ जून, जव्हार तालुका

पाड्यावर फिरून वही पुरी केली. नावं सगळी परत आली आहेत, एक घर सोडून. ते दुसऱ्या भट्टीवरून थेट सासुरवाडीला गेलं, मुकादमाकडे विचारणं चालू आहे. जानेवारीतली ती पोरगी हिरव्यावर आहे, अंगणवाडीत बसते, दोरी धरायला मागते.

राहिलेली कामं: वर्ष उलटून गेलेल्या चार पोरांच्या जन्मनोंदी, त्यांतल्या दोन भट्टीवरच्या जन्मांच्या, म्हणजे अर्ज भिवंडीतच करावा लागणार, कार्ड विभक्त करायचे अर्ज, आजींचे एप्रिल-मेचे पैसे, अमृत आहाराच्या निवेदनाचं उत्तर आलेलं नाही, ते घेऊन पुन्हा जायचं. यादीचं काम यंदा ऑक्टोबरची वाट न पाहता श्रावणातच सुरू करायचं, उचल देणारे मुकादम पाड्यावर यायला लागले की त्याच आठवड्यात.